चूलबंद आवतण

घरी पाहुणे येणार म्हणून तुम्ही तुमच्याच घरातल्या माणसांना कधी मागच्या खोलीत कोंबून बाहेरून कडी लावली आहे का? नाही ना? मग एका अख्ख्या शहरानं ते केलं, तेव्हा आपण सगळे हातात प्लेट घेऊन रांगेत मुकाट कसे उभे राहिलो?

'आपण' म्हणते, कारण सुरुवातीला मीही त्याच रांगेच्या बाजूची होते.

शहराचं नाव मी लिहिणार नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलंच आहे, दिग्रसला एसटी बदलून जावं लागतं. माझी आत्या अजून दर आठवड्याला तिथल्या बाजारात वांगी विकायला बसते. नाव लिहून मी मोकळी होईन, बाजारात बसायचं तिला आहे.

मी पत्रकांवर वाढले. वडील सरकारी कचेरीत कारकून आणि कचेरी सुटली की चळवळीत. यवतमाळात लोहाऱ्याकडच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलेले दोन शब्द म्हणजे 'जाहीर सभा'. पाढे मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. पलीकडची शाई उमटलेली असायची, त्यामुळे सातचा पाढा मला अजूनही 'आमच्या प्रमुख मागण्या' या अक्षरांसकट आठवतो. वडलांचा नियम एकच होता. उद्गारचिन्हं हवी तितकी घाल, पण पत्रकात लिहिलं ते करावं लागतं. "नाही तं तो कागद चिवड्याच्या पुड्याचा," असं म्हणायचे. मला हा नियम तोंडपाठ होता. तोंडपाठ गोष्टीचा आपण फारसा विचार करत नाही, तसंच झालं.

मागच्या हिवाळ्यात आत्याचा फोन आला. "येतं का वं? आम्ही मेळ्यात रोडगे करून राह्यलो. वांगे ढीगभर हायेत, हात कमी हायेत."

मेळा म्हणजे त्या जुन्या शहराचा खाद्य महोत्सव. शहराला दगडी वेस आहे, वेशीच्या दोन्ही अंगांना परकोटाची भिंत आहे, आत पायऱ्यांची विहीर आहे. हे सगळं पाहायला लोक यावेत आणि आले की इथलंच खाऊन जावेत, अशी कल्पना. कल्पना वाईट नव्हती. आत्याच्या बचत गटाला रोडग्याचा स्टॉल मिळाला होता. रोडगा ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते: जाडसर दळलेल्या कणकेच्या पोळ्या लाटायच्या, तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा वळायचा आणि तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचा. वरून राखेचा दगड वाटतो. फोडला की आत पदर सुटतात. त्यावर तूप, बाजूला वांग्याची भाजी. आमच्याकडे रोडगे शेतात, झाडाखाली, पंगतीनं होतात. एकट्यादुकट्यासाठी कुणी गोवऱ्या पेटवत नाही.

मेळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी पोचले. स्टॉल वेशीच्या आत, विहिरीभोवती होते. आत्याचा मात्र वेशीबाहेर, मैदानातल्या कडुलिंबाखाली. मी पोचल्या पोचल्या भडकले.

"तुम्हाला बाहेर काढलं?"

"थांब नं माय," आत्या म्हणाली. ती वांग्यांची देठं तोडत होती. "धुरानं दगड काळा पडते म्हनले सर. खरं हाय ते. तुले आल्या आल्या भांडाले कोनी पाह्यजे का?"

सर म्हणजे मेळ्याचे संयोजक, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. मला ते खलनायक म्हणून रंगवता आले असते तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. त्यांनी तीन वर्षं या भिंतीच्या डागडुजीसाठी कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. कोसळलेल्या बुरुजाचे दगड त्यांनी ओळीनं मांडून ठेवलेले मी पाहिले, प्रत्येकावर खडूनं आकडा.

कडुलिंबाच्या डाव्या हाताला एक भलामोठा कापडी पडदा होता. दोन पुरुष उंच, लाकडी बल्ल्यांना सुतळीनं बांधलेला, वेशीपासून पार टोकापर्यंत. त्यावर रंगीत चित्र छापलेलं: वेस, सूर्य आणि चुलीपुढे बसलेली एक हसरी बाई. नाकात नथ, अंगावर भरजरी नऊवारी, हातात लाटणं. समोर पोळपाटावर भाकर.

आत्याच्या गावाहून गोवऱ्यांची पोती घेऊन आलेले आबा चित्रापुढे उभे राहून पाहत होते. रोडग्याचा जाळ लावण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नाही. ते म्हणाले, "हे भाकर लाटून राह्यली."

"लाटू द्या," आत्या म्हणाली. "तिले कुठं कोनाले जेवाले घालाचं हाय."

आबांनी जाळाचा अंदाज घ्यायला थोड्या गोवऱ्या पेटवल्या. दोन-चार रोडगे निखाऱ्यात घातले. वारा भिंतीकडे होता, धूर पडद्यातून पलीकडे जात होता. थोड्या वेळानं कापड हललं. खालची कड वर उचलली गेली आणि त्या नऊवारीवाल्या बाईच्या पायांतून एक म्हातारी वाकून बाहेर आली. हातात पाणी भरायचा पितळी गुंड.

"रोडगे हायेत का वं?" तिनं विचारलं.

पडद्यामागे माणसं राहतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पूर्ण दुपार मी त्या कापडाकडे पाठ करून बसले होते.

मागे कल्हईवाल्यांची गल्ली होती. परकोटाला टेकून बांधलेली तीस-एक घरं, पत्र्याची, मातीची, काही विटांची. या शहरातल्या प्रत्येक लग्नाची, प्रत्येक भंडाऱ्याची भांडी याच गल्लीनं चकचकीत केली होती. स्टीलची भांडी आल्यापासून कल्हई संपली, पण माणसं संपली नाहीत. गल्लीचा नळ मैदानात, लिंबाजवळ. पडदा लागल्यापासून त्यांना पाण्यासाठी भिंतीच्या पार पलीकडून वळसा पडत होता. म्हातारीला वळसा झेपत नव्हता म्हणून ती खालून वाकून आली.

"हे काहून लावलं?" मी पडद्याकडे बोट दाखवलं.

"आमचे पत्रे दिसतात म्हने फोटोत." तिनं गुंड नळाखाली लावला. "दोन दिवसाचं हाय म्हने. दोन दिवस आम्ही नाही समजाचं."

आत्यानं निखाऱ्यातून एक रोडगा काढला, हातावर थोपटून राख झाडली, फोडून तूप घातलं आणि पानावर तिच्या हातात दिला. म्हातारी उभ्यानं खाईना. ती खाली बसली, साडीचा पदर नीट केला, मग पहिला घास घेतला.

"बुढ्यानं माह्या या वेशीतल्या किती पंगतीचे भांडे घासले असतील," ती म्हणाली. "अन आज मेळा आमच्या दारात, अन आमालेच आवतन नाही."

एवढं बोलून ती गुंड घेऊन परत वाकली आणि कापडाखालून गेली. मला तिचे पाय दिसत राहिले, नंतर तेही नाही.

मी तडक वेशीच्या आत जाऊन सरांना गाठलं. ते शिडीवर चढून दिव्यांची माळ सरळ करत होते.

"सर, त्या पडद्यामागे माणसं राहतात."

"मला माहीत आहे," ते खाली न पाहता म्हणाले. "मी तिथल्या अर्ध्या गल्लीला शिकवलंय."

"मग?"

"मग काय? पेपरात फोटो येतो तो वेशीचा. शेजारी ते पत्रे, ती वाळत घातलेली गोधडी... या शहराला एकदा तरी चांगलं दिसू द्या की."

"शहर म्हणजे कोण, सर?"

ते शिडीवरून उतरले. थकलेले दिसले. "तुम्ही यवतमाळहून आलात, उद्या परत जाल," ते म्हणाले. "मला इथेच राहायचंय."

हे वाक्य मला लागलं, हे मान्य करते. पण लागलेलं माणूस शहाणं होतंच असं नाही. मी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, एक कोरा कागद घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं. हात चालत होता. पडदा लावणाऱ्यांना मी काय काय म्हटलं ते इथे परत लिहीत नाही, सगळं खरं होतं. शेवटी जोर हवा होता. बापाच्या घरी शिकले होते की पत्रकाचा शेवट हाकेनं व्हावा. मी लिहिलं:

"उद्या दुपारी कडुलिंबाखाली रोडग्यांची पंगत! पडद्यामागच्या प्रत्येक घराला चूलबंद आवतण! आपल्या, रोडगे करणाऱ्या बाया."

चाळीस प्रती काढल्या.

चूलबंद आवतण म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्याकडे जेवणाच्या आवतणाच्या पायऱ्या आहेत. घरटी एक माणूस, मग बाप्ये बाप्ये, मग सहकुटुंब. आणि सगळ्यात वर चूलबंद. ज्या घराला ते गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचं जेवण बोलावणाऱ्याच्या अंगावर. जो चालू शकत नाही त्याच्यासाठी ताट घरी जातं. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी मी तो शब्द उद्गारचिन्हासारखा वापरला.

रात्रीपुरती आम्ही आत्याच्या गावी गेलो आणि सकाळी पहिल्या ऑटोनं परत आलो. आत्या कणिक मळायला बसली.

"मी पत्रकं वाटून येते," मी म्हटलं.

"वाट. तुह्या बापाचीच पोट्टी." तिनं मान वर केली नाही. "येतानी मीठ आनजो."

मी तीस घरांत कागद दिला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवला. दारादारांत लोक ऐकत होते, आणि शेवटची ओळ आली की गप्प व्हायचे. मला वाटलं, माझ्या शब्दांचा परिणाम. एका दारात एका मध्यमवयीन माणसानं विचारलं, "चूलबंद? पक्कं?" मी म्हटलं, "पक्कं!" तो आत वळून म्हणाला, "अवं, ते डाळ नको टाकू."

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुपारी वेशीसमोर गर्दी झाली. कुपनं घेतलेले लोक रोडग्यापुढे उभे होते, शहरातले, दिग्रसचे, पुसदचे. आत्यानं कुपनांच्या अंदाजानं रोडगे लावले होते. आबांचा जाळ खाली बसून लाल झाला होता. एवढ्यात पडद्याची खालची कड उचलली गेली.

आधी ती म्हातारी आली. धुतलेलं लुगडं, हातात पाण्याचा तांब्या. तिच्या मागून सून, नातवंडं. मग शेजारचं घर, मग त्याच्या शेजारचं. ते येतच राहिले, एकामागून एक वाकून, आणि आले की अंगावरची धूळ झटकून सरळ उभे राहत होते. सगळ्यांच्या हातात आपापला तांब्या. पोरांच्या केसांना तेल लावलेलं.

आत्यानं पाहिलं. तिचा हात परातीत थांबला.

"जेवले नाही का तुमी?" तिनं म्हातारीला विचारलं.

"जेवाले तं आलो माय. चूल नाही पेटवली आज." म्हातारीनं कनवटीला लावलेला घडी केलेला कागद काढला. "हे नं. तुमच्या नावानं हाय."

आत्या सावकाश वाचते, बोट ठेवून. ती शेवटच्या ओळीशी पोचेपर्यंत मी उभी होते आणि मला पहिल्यांदा समजत होतं. तिच्या सासरच्या गावात एक घर आहे. त्यांनी पूर्वी कधीतरी चूलबंद आवतण दिलं होतं आणि एका कुटुंबापर्यंत जेवण पोचलं नाही. त्या कुटुंबातलं कुणी आजही त्या घरचं पाणी पीत नाही. ज्यांनी आवतण दिलं ते मेले, ज्यांना दिलं ते मेले, पण पाणी अजून बंद. आत्यानं ही गोष्ट मला लहानपणी इतक्यांदा सांगितली होती की मी तिला गोष्टच समजत होते.

"हे तू लिहलं?" तिनं मला विचारलं.

"हो."

"आमच्या नावानं?"

"आत्या, ते मी—"

"भैताडच हायेस." ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. "शब्द तुहा, नाव आमचं, अन भूक या लोकाइची. मले इचारलं असतं तं मी नाही म्हनलं असतं का? म्हनलं असतं, पीठ किती लागन ते आधी पाहू."

तोपर्यंत सर धावत आले. कुणीतरी त्यांना बोलावलं असावं. "हे काय चाललंय? प्रमुख पाहुणे तासाभरात येताहेत. या लोकांना परत पाठवा. आधी कुपनवाले."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की आत्या परत पाठवेल. तिच्याकडे तेवढं पीठच नव्हतं, आणि मीच तिला या खड्ड्यात लोटलं होतं. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि उभी राहिली.

"सर, आवतन गेलं," ती म्हणाली. "गेलेलं आवतन वापस नाही येत."

"तुम्ही दिलंच नाही ते! या मुलीनं परस्पर लिहिलं, मला कळलंय."

"माही भाची हाय. घरच्या मानसानं देल्लं म्हनजे मीच देल्लं." मग तिनं रांगेकडे पाहिलं. "कुपनवाले बी जेवतील. पन पंगतीत, सगळ्याइच्या संग. रोडगे काही पानीपुरी नाही उभ्यानं खाले. ज्याले घाई हाय त्यानं कुपन वापस करा."

रांगेत कुरकुर झाली. काही गेले. पांढऱ्या शर्टातला एक जण मोठ्यानं म्हणाला, "आम्ही काय भंडाऱ्याला आलोय का?" त्याच्या बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि लिंबाखाली जाऊन मांडी घालून बसली. मग त्यालाही बसावं लागलं.

"आबा, गावाले फोन लावा," आत्या म्हणाली. "माह्या घरच्या कोठीतला गहू काढाले सांगा. गिरणीवाल्याले म्हना जाड दळ. गाडी मिळन ते घेऊन या."

मी पुढे झाले. "आत्या, गल्लीत प्रत्येक घरी पीठ असेल. मी मागून आणते, तोपर्यंत—"

ती माझ्याकडे अशी वळली की मी मागे सरले. "आवतन देऊन पीठ मागतं? लाज हाय का?" मग थोडी थांबून, "पीठ नाही मागत. भांडं मागता येते. आपल्यापाशी एवढ्या भाजीचा गंज नाही. जाय, अन प्रत्येक दारात सांग का उशीर होईन, पन जेवन होईन. चूल पेटवू नका म्हनजो. जे चालू नाही शकत त्याइले बी."

मी आयुष्यात बरीच भाषणं केली आहेत, पण त्या तीस दारांत बोलणं सगळ्यांत अवघड गेलं. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. "उशीर होईल. चूक माझी आहे. पण जेवण होईल." जे बाहेर आले नव्हते ते म्हातारे, आजारी, बाळंतीण. एक आजोबा खाटेवरून म्हणाले, "पोरी, भाषन नको देजो, भूक लागली हाय. अन भाजीत तिखट जास्त घालाले सांग." मग त्यांनी सुनेला हाक मारून माळ्यावरचा गंज काढायला लावला. दोन माणसांनी उचलावा असा तांब्याचा गंज, आतून चांदीसारखा. "मी लावली हाय ही कल्हई," ते म्हणाले. "कितीक वर्ष झाले, पाह्य, अजून काही गेली नाही."

असे चार गंज निघाले. आम्ही ते पडद्याखालून सरकवायला गेलो, पण एवढं भांडं खालून जाईना. आम्ही एका बाजूनं ढकलतोय, आबा दुसऱ्या बाजूनं ओढतायत, आणि मध्ये ती हसरी बाई भाकर लाटते आहे.

म्हातारी पलीकडून हे पाहत होती. ती उठली, बल्लीपाशी गेली आणि सुतळीच्या गाठीला हात घातला. गाठ सुटेना. तिनं आत्याकडे हात केला. "विळा दे वं."

सर ओरडले, "अहो, भाड्यानं आणलाय तो!"

"फाडत नाही बापू, सोडून राह्यली." तिनं सुतळी कापली. "उभं राहून हे काय कामाचं? आडवं करा. पंगतीले बिछायत नाही."

पुढची सुतळी मी सोडली. मग कुणी कुणी सोडल्या ते मला माहीत नाही. कापड सळसळत खाली आलं आणि वेशीशेजारी अचानक पत्रे दिसले, वाळत घातलेली गोधडी दिसली, दारातली तुळस दिसली, खाटेवरचे आजोबा दिसले. कुणाच्या डोळ्यांना काहीही इजा झाली नाही. वेस होती तेवढीच देखणी राहिली. मला तर ती जास्त खरी वाटली, कारण तिच्या शेजारी आता कुणीतरी होतं.

कापड आम्ही मैदानात पसरलं. चित्र खाली, पांढरी बाजू वर. पाढे मी अशाच कागदांवर शिकले होते.

गहू दळून यायला दोन तास गेले. या दोन तासांत काय झालं ते पत्रकात कधी छापलं जात नाही. तान्ही रडली. पांढऱ्या शर्टवाला दोनदा उठला आणि दोनदा परत बसला. गल्लीतल्या बायांनी वांगी चिरायला घेतली, आत्या नको नको म्हणत असताना. "हात तं मागता येते नं?" म्हातारीनं विचारलं, आणि आत्याला हसावं लागलं. सर मेळ्याच्या प्रमुख पाहुण्यांना वेशीच्या आतल्या आत फिरवत राहिले.

छोटा टेम्पो आला तेव्हा आत्याच्या गावच्या आणखी सहा बाया त्यात उभ्या होत्या, पिठाच्या पोत्यांना धरून. नंतर मला कळलं की आत्याच्या कोठीतला उन्हाळ्यापर्यंतचा गहू त्यात होता. तिनं मला हे कधी सांगितलं नाही. आबांनी सांगितलं.

पंगत बसली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. एका ओळीत कल्हईवाले आणि कुपनवाले मिसळून, कोण कोणता ते ओळखू येऊ नये असं आत्यानंच बसवलं. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांची ताटं आधी गेली. खाटेवरच्या आजोबांचं ताट मी नेलं. त्यांनी रोडगा फोडला, पदर मोजल्यासारखे उलगडून पाहिले आणि म्हणाले, "तिखट कमी हाय." मग सगळं संपवलं.

आत्यानं सरांसाठी पत्रावळ मांडली होती. ते लिंबाला टेकून उभे राहिले, बसले नाहीत. ओळीतून त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतःच केस पिकलेला, हाक मारत होता, "सर, या नं, गरम हायेत." सरांनी मान हलवली. शेवटी आत्या त्यांच्यापाशी गेली.

"पुढच्या वर्षी तुमच्या गटाला जागा मिळणार नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. "माझ्या हातात नाही राहणार ते."

"जागा कुठं तुमची हाय, सर? लिंबाची हाय." आणि तिनं वाढलेली पत्रावळ तशीच झाकून त्यांच्या हातात दिली. "मांडलेलं पान रिकामं ठेवत नाही आमी. घरी नेऊन जेवा."

ते ती घेऊन गेले. जेवले की नाही, मला माहीत नाही.

परतीच्या ऑटोत मी आत्याची माफी मागितली. तिच्या नावानं लिहिलं म्हणून. तिचा गहू गेला म्हणून. पडद्याबद्दल मी कुणाचीही माफी मागितली नाही, आणि मागणार नाही. त्या कागदात चूक होती ती फक्त नावाची आणि पिठाची. यवतमाळला आल्यावर वडलांना पत्रकाची उरलेली प्रत दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "मंग? जेवले का सगळे?"

"जेवले."

त्यांनी ती प्रत पलंगाखालच्या गठ्ठ्यात ठेवली.

सर खोटं बोलले नव्हते. या वर्षी गटाला जागा मिळालेली नाही. मेळा तोंडावर आला आहे, पडदा परत लागला आहे, आणि या वेळी खालच्या कडेला विटा ठेवल्या आहेत म्हणे, कुणी वाकून येऊ नये म्हणून. आत्यानं सुगीतच गव्हाचं एक पोतं वेगळं काढून ठेवलं होतं. आबांच्या गोवऱ्या वाळल्या आहेत. गल्लीतल्या आजोबांनी निरोप पाठवला आहे की गंज घासून ठेवलेत आणि तिखटाचं लक्षात असू द्या. कडुलिंबाखाली पंगत बसेल, स्टॉल असो वा नसो. आवतणाचा कागद मी या वेळी पिठाचा अंदाज घेऊन, आत्याला वाचून दाखवून, तिच्या होकारानं लिहिला आहे. शब्द तोच ठेवला आहे.

तुमच्याही जवळ असं एखादं जुनं शहर असेल आणि या हिवाळ्यात तिथेही मेळा भरेल. जा, जरूर जा, वेस पाहा, विहीर पाहा. पण कुपन घेण्याआधी पडदा कुठे लावला आहे ते शोधा, त्याच्या मागे जा, पहिल्या दारावर थाप मारून तिथल्या माणसांना बोलवा आणि त्यांना शेजारी घेऊनच जेवायला बसा. मात्र बोलावण्याआधी आपल्या घरची कोठी उघडून पीठ किती आहे ते बघून या.